चिंगी मांजरीवरचा आळ

सन दोन हजार तेवीस. माझं वय अडुसष्ट. एप्रिलचं ऊन. कुरुंद्यातल्या बापूरावांच्या बंगल्यात, हॉलच्या मधोमध, मी गुडघ्यावर बसून गालिच्याला नाक लावून राहिलो होतो. डाव्या बाजूला बापूराव उभे, उजव्या बाजूला त्यांची बायको. डॉक्टरनं छातीला नळी लावली की पेशंटचे लोक जसे डॉक्टरच्या तोंडाकडं बघतात, तसे दोघं माझ्याकडं बघत होते.

"येऊन राहिला का वास?" वहिनींनी विचारलं.

"येऊन राहिला."

"मंग? तुमी तं म्हनले होते, पक्कं काम हाये म्हून."

"काम पक्कंच हाये. मांजरीनं परत केलं आसंल."

हे मी बोलून गेलो. बोलताना काही विशेष वाटलं नाही. पण वहिनी लगेच बापूरावांकडं वळल्या. "झालं? आता तं कारागीरच म्हनला. उद्या सकाळच्या टेम्पोत घाला तिला."

दाराजवळ एक रिकामं पोतं घडी करून ठेवलेलं होतं. वर सुतळीचा तुकडा. येताना मला वाटलं होतं हळदीचं आहे. ते मांजरीचं होतं.

आमच्याकडं मांजर नको झालं की त्याला पोत्यात घालून लांब सोडून येतात. पोतं यासाठी, की त्याला रस्ता दिसू नये. बापूरावांचा टेम्पो दुसऱ्या दिवशी सकाळी वाशिमला जाणार होता. वाटेत कनेरगाव नाका लागतो. तिथं ढाबे आहेत. ढाब्यामागं सोडायचं, असं ठरलं होतं.

"तिथं तिला खायला भरपूर," बापूराव मला म्हणाले. "घरी दूध-पोळी खाती, तिथं चिकन खाईल. मजेत राहील."

"मजेत राहतं तं तूच जाऊन राह्य की नाक्यावर," मागून आवाज आला.

स्वयंपाकघराच्या दारात आक्का उभ्या होत्या. आक्का म्हणजे बापूरावांची थोरली बहीण. नवरा गेल्यापासून भावाकडंच राहतात. कमरेवर लेकरू घ्यावं तशी चिंगी घेतलेली. चिंगी करड्या रंगाची, एक कान फाटका, डोळे अर्धे मिटलेले. तिच्याबद्दल चाललेलं बोलणं तिच्या गावीही नव्हतं.

"आक्का, तसं न्हाई..." बापूराव म्हणाले.

"कसंबी आसो. ही गेली तं मीबी टेम्पोत बसते. माझ्यासाठी दुसरं पोतं काढा."

घरात कुणी हसलं नाही. आक्का बोलतात ते करतात, हे गावाला माहीत आहे.

आता मी कोण, ते सांगतो. मी महेबूब. आमचं घराणं पिंजाऱ्याचं. बाप कापूस पिंजायचा, गाद्या भरायचा. मी चौथीपर्यंत शाळेत गेलो, पुढं शाळेला माझी गरज पडली नाही. गाद्या फोमच्या झाल्या तसा पिंजण्याचा धंदा बसला. मी हैदराबादला गेलो, एका गालिचेवाल्याच्या धुलाईत वर्षं काढली, हात तयार केला आणि वसमतला परत आलो. सोफे, गाद्या, गालिचे धुतो. मोपेडच्या मागं व्हॅक्युम मशीन बांधतो आणि जिथं बोलावलं तिथं जातो. परभणी-हिंगोली रस्त्यावर हे काम माझ्याइतकं कुणाला येत नाही. हे मी फुशारकीनं सांगत नाही. दुसरा कुणी करतच नाही.

या बंगल्यात मी पंधरवड्यापूर्वी येऊन गेलो होतो. तेव्हाही हेच, हॉलच्या गालिच्याला मुताचा वास. वहिनी म्हणाल्या मांजर, मीही म्हणालो मांजर. धुतला, वाळवला, वास गेला. मी गॅरंटी दिली. नंतर कूलर सुरू झाला आणि वास परत आला.

कूलरचा आणि वासाचा काय संबंध, ते समजून घ्या. जनावर मुतलं की पाणी उडून जातं, पण त्यातला खार खाली राहतो. गालिच्याच्या मुळात, कापडात. मी त्याला मुताचं मीठ म्हणतो. पावसाळ्यात डब्यातलं मीठ कसं ओलं होतं? तसंच हे मीठ हवेतलं पाणी ओढून घेतं आणि जागं होतं. कूलरची हवा ओली. कूलर लावला की हॉल बोलायला लागतो. वरवर धुतलं तर वरचा वास जातो, मुळातलं मीठ राहतं. म्हणून डाग नेमका कुठं आहे ते कळलं पाहिजे. तो सुकलेला डाग डोळ्याला दिसत नाही. मी नाकानं शोधतो. माझं नाक चांगलं आहे, पण गालिचा मोठा होता, आणि सगळा हॉलच वास मारत असला की नाकही गोंधळतं.

"यावेळी मुळापासून काढतो," मी म्हणालो आणि पिशवीतून व्हिनेगरची बाटली काढली.

"ते न्हाई," वहिनी म्हणाल्या.

"काहून?"

"मागच्या वेळी आठ दिवस हॉलला लोनच्याचा वास येत होता. पाहुने आले की विचारायचे, कशाचं घातलं यंदा?"

"वहिनी, खार मारायला आंबट लागतं. हे आमचं पहिलं औषध हाये."

"पहिलं आसंल तं शेवटी वापरा. आधी साध्या पान्यानं धुवा."

"साध्या पान्यानं काय होतं?"

"मंग तुमाला काहून बोलावलं?"

गिऱ्हाईक हट्टी असलं की मला राग येतो, कारण हट्ट माझ्याकडं आधीच भरपूर आहे, बाहेरून घ्यायची गरज नाही. बाटली पिशवीत ठेवली. म्हणालो, "बराबर. साधं पानी आना. मंग बगा काय होतं ते." मला दाखवून द्यायचं होतं की काहीच होत नाही.

बापूरावांच्या गड्यांनी सोफा उचलून बाजूला केला. सोफ्याखालचा गालिचा बघून सगळे थांबले. खाली तो पांढरा होता. सायीसारखा.

"आरं, हा तं पिवळा होता," बापूराव म्हणाले.

"पिवळा न्हाई, बदामी," वहिनी म्हणाल्या.

दोघांचंही खोटं. गालिचा पांढराच आणला होता. पण या घराच्या अंगणात दर उन्हाळ्यात हळद शिजते, वाळते आणि पॉलिश होते. पॉलिशचं मशीन म्हणजे लोखंडी पिंप. त्यात वाळलेली हळद फिरवतात, वरची साल घासून निघते आणि बारीक भुकटी उडते. ती भुकटी पायाला लागून, हवेनं उडून, वर्षानुवर्षं घरात येत होती. अख्खा गालिचा एकसारखा पिवळा झाला, म्हणून कुणाला कळलं नाही. मला मागच्या वेळीच कळायला पाहिजे होतं. मागच्या वेळी सोफा हलवला नव्हता.

मी फवाऱ्यानं पाणी मारायला सुरुवात केली. नियम सांगून ठेवतो: गालिचा कधी घासायचा नाही. घासला की डाग खाली जातो आणि लोकर वर उभी राहते. फवारायचं, कोरडं फडकं ठेवायचं, वजन द्यायचं, उचलायचं. गरम पाणी तर अजिबात नाही. गरम पाण्यानं डाग शिजतो.

भिंतीकडून सुरुवात केली, टीव्हीसमोरून आलो. बापूराव खुर्चीत बसून मोबाईल बघत होते. वहिनी माझ्यावर नजर ठेवून होत्या. त्यांनीच पहिल्यांदा बघितलं.

"अगं बाई! रक्त!"

मी मागं वळून बघितलं. ओल्या गालिच्यावर लाल ठिपके येत होते. आधी फिकट, मग गडद. एक इथं, दोन तिथं, एक मोठा, तळहाताएवढा. जिथं पाणी मारलं तिथं सगळीकडं नाही. काही ठिकाणीच.

मी भिणारा माणूस नाही. पण तेव्हा हातातला फवारा खाली ठेवला.

"काय घातलं पान्यात?" बापूराव उठून आले.

"तुमच्याच टाकीचं पानी हाये."

"मांजरीनं उंदीर मारला आसंल इथं," वहिनी म्हणाल्या. "न्हाई तं कुनी काही करून ठिवलं. मी म्हनून राहिले होते, हे घर बांधल्यापासून..."

"थांब जराशी." आक्का पुढं आल्या. चिंगीला एका हातात धरलं, दुसऱ्या हाताचं बोट त्या लाल ठिपक्यावर टेकवलं आणि डोळ्यासमोर धरलं. मग मोठ्यानं हसायला लागल्या.

"काय झालं आक्का?"

"आरं महेबूबा, कसलं रक्त! हे तं कुंकू झालं!"

"कुंकू?"

"आमी घरी कुंकू कसं करायचो? हळदीला टाकनखार लावायचो. खार लागला की हळद लाल होती. सासरी माझ्या हातचं कुंकू अर्ध्या गावात जायचं." त्यांनी बोट साडीला पुसलं. "तुमी एवढे हळदीचे मालक, साबनाच्या हातानं हळद लाल झालेली कधी बगितली न्हाई का?"

सगळ्यांनी बघितली होती. मीसुद्धा. लग्नातल्या हळदीचे कपडे साबणानं धुतले की लाल होतात हे आमच्याकडं लहान लेकराला माहीत आहे. पण हॉलमध्ये गालिच्यावर बघितलं की डोकं तिकडं जात नाही.

माझं डोकं मात्र आता गेलं, आणि भलतीकडंच गेलं. गालिच्यावर हळद सगळीकडं. खार कुठून आला? मी साबण लावला नव्हता. सोडा लावला नव्हता. नुसतं पाणी. म्हणजे खार आधीपासून गालिच्यातच बसलेला. मुताचं मीठ! ताजं मूत असं करत नाही. पण जुनं झालं की त्याचा कडक खार होतो. पाणी मिळालं, खार जागा झाला, हळदीला भेटला आणि हळद लाल झाली.

मागच्या वेळी मी पहिल्यापासून व्हिनेगर मारलं होतं. आंबटानं हळद पिवळीच राहते. म्हणून तेव्हा काही दिसलं नाही. आज वहिनींच्या हट्टानं साधं पाणी आलं आणि सगळे डाग आपोआप उभे राहिले. मी इतकी वर्षं नाकानं जे शोधत होतो, ते हळदीनं लाल शाईनं काढून दिलं होतं.

मी सांगितलं. मग वहिनी म्हणाल्या, "म्हंजे हे सगळं तिचं? एवढं?" आणि चिंगीकडं असं बघितलं की चिंगीनंसुद्धा डोळे उघडले.

"थांबा," मी म्हणालो. "पुरा भिजू द्या."

आता मी सगळ्या गालिच्यावर पाणी मारलं. कोपरे, कडा, सगळं. आणि मग उभा राहून नीट बघितलं.

मांजर आपली जागा ठरवतं. आडोसा बघतं, कोपरा बघतं, बसतं, झाकायचा प्रयत्न करतं. एका जागी करतं. इथं कोपरे सगळे पिवळे होते. खिडकीखाली, जिथं चिंगी दिवसभर झोपायची, तिथंही पिवळं. लाल होतं ते सोफ्याचे पाय जिथं टेकले होते तिथं. प्रत्येक पायापाशी. टीपॉयच्या पायापाशी. टीव्हीच्या स्टँडपाशी. जिथं म्हणून गालिच्यावर काहीतरी उभं होतं, तिथं.

"आक्का," मी म्हणालो, "घरात हळदीची पूड हाये का?"

"या घरात इचारतो? पोतं आनू का चमचा?"

त्यांनी वाटीत हळद कालवून आणली आणि जुन्या धोतराचा पांढरा तुकडा. मी तुकडा हळदीत बुडवून पिळला. सोफ्याला खाली कापडाची झालर होती. तिच्यावर थोडं साधं पाणी मारलं आणि हे पिवळं फडकं दाबून धरलं. जमिनीपासून वीतभर वर. काढलं तर फडक्यावर लाल डाग. आणखी वर धरलं. अजून लाल.

"वहिनी, हे बगा. एवढ्या उंचीवर मुतायचं तं चिंगीला स्टूल लागंल."

वहिनी झालरीकडं बघत राहिल्या.

"बोका आसंल," बापूराव म्हणाले. फार लवकर म्हणाले. "बोके उडवतात वरती. बाहेरचा आला आसंल खिडकीतून."

गोष्ट खरी होती. बोका उभ्या उभ्या मागं उडवतो. पण खिडकीला जाळी होती, डासांची, पक्की ठोकलेली. वहिनींनीच बसवून घेतली होती.

"जाळीतून कसा येईल?" वहिनींनी विचारलं.

"दारातून आला आसंल."

"दारात शेरा बांधलेला असतो. बोका त्याच्या नाकापुढून येईल?"

शेरा म्हणजे बापूरावांचा कुत्रा. तगडा, काळ्या तोंडाचा, फाटकाशी साखळीनं बांधलेला. येताना माझ्या मोपेडवर भुंकला होता. त्याला घरात घ्यायचं नाही, हा वहिनींचा नियम होता, आणि बापूराव सगळ्या गावाला सांगायचे की माझा कुत्रा उंबऱ्याच्या आत पाय टाकत नाही, एवढी शिस्त.

बापूराव माझ्याकडं वळले. आवाज बदलला होता. "महेबूबभाई, एक मिनिट. मघाशी तुमीच म्हनले ना, मांजरीनं परत केलं? मागच्या वेळीबी तुमीच म्हनले मांजर. आता काहून फिरून राहिले?"

इथं माझी तकलीफ होती. धंद्यात माझा एकच दागिना, की मी बोललो ते बदलत नाही. गिऱ्हाईक शहाणं असो की येडं, महेबूब पिंजारी एकदा म्हणाला मांजर तर मांजर. आणि माझ्याच शब्दावर पोतं दारात आलं होतं. शब्द तसाच ठेवला तर सकाळी चिंगी कनेरगाव नाक्याला, आक्का टेम्पोत, आणि गालिच्याचा वास पुढच्या कूलरला परत. बदलला तर बापूराव वसमतच्या बाजारात सांगत फिरतील की पिंजाऱ्याला मांजर-कुत्रं कळत नाही.

आक्का चिंगीच्या फाटक्या कानावरून अंगठा फिरवत राहिल्या. त्या भांडल्या असत्या तर मीही भांडलो असतो आणि माझ्या शब्दावर बसून राहिलो असतो. पण त्या गप्प होत्या.

"मी म्हनलो होतो मांजर," मी म्हणालो. "आता मीच म्हनतो, हे मांजरीचं न्हाई. पाय उचलनाऱ्याचं हाये. मागची तपासनी अपुरी होती."

"म्हंजे चुकला तू," आक्का म्हणाल्या.

"अपुरी होती, आक्का."

"चुकला म्हन की."

"अपुरी."

"बरं बाबा, अपुरी." आणि आता कुठं त्यांच्या चेहऱ्यावर हसू आलं.

बापूराव मात्र मागं हटेनात. "शेरा घरात येत न्हाई. कधीच न्हाई. मी सांगतो ना!"

वहिनी बाहेर गेल्या. साखळीचा आवाज आला. शेरा दारात आला. नवीन जागेत आलेलं कुत्रं उंबऱ्यावर थबकतं, हुंगतं, मालकाकडं बघतं. शेरा थबकला नाही. सरळ आत आला, ओल्या गालिच्यावरून चालत टीव्हीसमोर गेला, बापूरावांच्या खुर्चीच्या उजव्या बाजूला गोल फिरला, आणि बापूरावांच्या चपलेवर हनुवटी ठेवून बसला. ओलं लागल्यावर दचकून उठला एवढंच.

"रोजची जागा दिसते," वहिनी म्हणाल्या.

"ते... माझा वास घेऊन आला," बापूराव म्हणाले.

तेवढ्यात शेरा उठलाच होता, तर टीव्हीच्या स्टँडपाशी गेला. हुंगलं. मागचा पाय हलकेच वर घेतला.

"शेरा! तिथं न्हाई!" बापूराव ओरडले.

शेरानं पाय खाली घेतला.

"तिथं न्हाई," वहिनी हळूच म्हणाल्या. "मंग कुठं?"

नवरे पकडले जाताना मी बरेच बघितले आहेत, सोफ्याच्या गादीखाली काय काय सापडतं ते मी इथं सांगत नाही. पण एका शब्दात पकडला गेलेला हा पहिलाच. बापूरावांनी खुर्चीत बसून घेतलं.

"संध्याकाळी तुमी दोघी हळदीच्या शेडवर जाता," ते म्हणाले. "मी एकलाच असतो. मॅच लागली की बोलायला कुनी न्हाई. थोडा वेळ आत घेतो त्याला. तो काही करत न्हाई. म्हंजे... जास्त करत न्हाई."

"आन नाव चिंगीचं!" आक्का म्हणाल्या.

"मी नाव कुठं घेतलं? नाव तिनं घेतलं. मी फक्त... न्हाई म्हनलो न्हाई."

"अन् पोत्यात घालून राहिला होता माझ्या लेकराला!"

"आक्का, ढाब्यावर चांगलं खायला..."

"आता शेरा खाईल ढाब्यावर," वहिनी म्हणाल्या. त्यांनी दाराजवळचं पोतं उचललं, शेराशेजारी धरून माप घेतलं. "बसत न्हाई ह्याच्यात. मोठं आनावं लागंल. दोघं मावतील असं."

यावर आक्का इतक्या हसल्या की चिंगी त्यांच्या कमरेवरून उडी मारून स्वयंपाकघरात गेली. बापूरावही हसले शेवटी. मी हसलो नाही. मला गालिचा धुवायचा होता.

"वहिनी, आता व्हिनेगर मारू का?"

"मारा भाऊ. लोनच्याचा तं लोनच्याचा."

पुढचं काम मग सोपं होतं, कारण कुठं मारायचं ते लिहूनच ठेवलं होतं. पाण्यात व्हिनेगर मिसळून लाल डागांवर ओतलं. डोळ्यांदेखत लाल जाऊन पिवळं आलं. आक्का खुर्ची ओढून समोर बसल्या. "कुंकवाची परत हळद झाली! हे आमाला येत नव्हतं," म्हणाल्या. डाग पिवळा झाला म्हणजे खार मेला, असं मी धरलं. एक ठिकाण परत लाल होऊन राहिलं, तिथं परत ओतलं. तिथं खाली मुळापर्यंत गेलेलं होतं.

मग दुसरं औषध. बाजारात मिळतं, जनावरांच्या मुताचंच म्हणून. त्यात मुतातली घाण खाणारा माल असतो, दही लावताना विरजण काम करतं तसं. याला घाई चालत नाही. औषध मारून वर ओली चादर टाकायची आणि सोडून द्यायचं. सुकलं की ते काम थांबवतं. लोक इथंच चुकतात. औषध मारतात आणि वर पंखा लावतात. वर आणखी फिनेल टाकतात. फिनेलनं आपल्या नाकाची फसवणूक होते, कुत्र्याच्या नाकाची होत नाही. त्याला खालचा आपला वास बराबर येतो आणि तो परत त्याच जागी पाय उचलतो.

झालर काढून वेगळी भिजवली. स्टँडचे पाय पुसले. दुपारी जेवायला वाढलं. बापूरावांना वहिनींनी ओसरीवर वाढलं, शेराच्या शेजारी. त्यांनी फक्त लोणचं मागितलं.

जेवणानंतर मशीननं सगळं पाणी ओढून घेतलं. टाकीत आलेलं पाणी दाखवलं तर वहिनींनी तोंडाला पदर लावला. गालिचा वाळवायला अंगणात जागा नव्हती, तिथं हळद पसरलेली. गड्यांनी गच्चीवर नेला. मी बापूरावांना म्हणालो, "पॉलिश मशीन बंद ठिवा, गालिचा वाळेपर्यंत."

"सीझन हाये, मशीन बंद होत न्हाई."

"मंग गालिचा परत पिवळा होईल."

"पिवळा तं पिवळा. आमी पिवळ्यातच राहतो."

"बंद ठिवा," वहिनी स्वयंपाकघरातून म्हणाल्या. मशीन बंद झालं.

हळदीचा रंग उन्हाला टिकत नाही. लोकरीत मुरलेला पूर्ण जात नाही, पण कडक उन्हात बराच उडतो. संध्याकाळी गालिचा खाली आणला तेव्हा तो पांढरा नव्हता, पण पिवळाही नव्हता. वहिनी म्हणाल्या, "आता खरा बदामी झाला." कूलर फुल लावून आम्ही सगळे हॉलमध्ये बसलो आणि वाट बघितली. मी नाक लावलं. वहिनींनी लावलं. आक्कांनी लावलं. लोणच्याचा वास होता. दुसरा कुठलाच नव्हता.

टीव्ही ओसरीवर हलवायचं ठरलं. बापूराव आणि शेरा तिथं बसणार. चिंगी हॉलमध्ये. पोतं हळदीला गेलं.

या धंद्यातली गोष्ट एवढीच: आधी साधं पाणी मारा आणि थोडं थांबून बघा. औषध नंतर. कोणत्या जनावराचं आहे ते घरच्यांना विचारू नका. घरात ज्याचं कुणी ऐकत नाही, त्याचंच नाव ते सांगतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पिशवीत हळदीची पुडी आणि धोतराचा तुकडा टाकला, मोपेडला किक मारली आणि हट्टा गावाला गेलो. तिथं एका घरी मागच्या महिन्यात गालिचा धुतला होता, आणि तिथलं मांजर तेव्हापासून गोठ्यात होतं. मालक दात घासत दारात आले.

"काय चाचा, इतक्या सकाळी? आमी तं बोलावलं न्हाई."

"मालूम हाये," मी म्हणालो. "आधी थोडं पानी आना. साधं."